काष्ठविज्ञानाच्या पदवी-अभ्यासक्रमांची अधिस्वीकृती

एखाद्या विषयाचा पदवी-अभ्यासक्रम त्या विषयाच्या व्यवसायाला लागणारे ज्ञान, हस्तकौशल्य व साधने विद्यार्थ्याला खरोखर देतो की नाही, याची त्याच विषयातील जाणत्या मंडळींनी समक्ष पाहणी करून ठरावीक मुदतीपुरती दिलेली लेखी मान्यता म्हणजे अधिस्वीकृती होय. लाकडाची सूक्ष्मरचना, त्याचे भौतिक, रासायनिक व यांत्रिक गुणधर्म, ते वाळविण्याच्या, टिकविण्याच्या व जोडण्याच्या प्रक्रिया आणि त्याचा व्यापार यांचा एकत्र अभ्यास करणारे काष्ठविज्ञान हे शास्त्र आकाराने लहान असल्यामुळे त्याच्या अभ्यासक्रमांची अधिस्वीकृती हा विषयही थोड्याच लोकांच्या परिचयाचा राहिला आहे. विद्यापीठाला समग्रपणे मिळणारी मान्यता व एका अभ्यासक्रमाला मिळणारी मान्यता या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली संस्थेचा कारभार, जमाखर्च, ग्रंथालय व अध्यापकवर्ग पाहते. परंतु त्या संस्थेच्या एका कोपऱ्यातील प्रयोगशाळेत लाकूड वाळविण्याची भट्टी चालू आहे की गंजून पडली आहे, हे तिच्या दप्तरात सहसा उमटत नाही. दुसरी मात्र नेमके तेच पाहावयास येते.

व्यावसायिक शिक्षणाची अशी तपासणी अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रूढ झाली. वैद्यकीय महाविद्यालयांची निर्भीड झडती घेणारा अब्राहम फ्लेक्सनर यांचा अहवाल 1910 मध्ये निघाला, आणि अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमांची पाहणी करणारे मंडळ 1932 मध्ये स्थापन झाले. वनशास्त्राच्या क्षेत्रात, गिफर्ड पिंचो यांच्या पुढाकाराने 1900 मध्ये निघालेल्या ‘सोसायटी ऑफ अमेरिकन फॉरेस्टर्स’ या संस्थेने हर्मन चॅपमन यांच्या पाहणीच्या आधारे 1935 मध्ये तेथील वनविद्यालयांची प्रतवारी जाहीर केली. काष्ठविज्ञान त्या काळी वनशास्त्राच्या घरातले धाकटे भावंड होते. मॅडिसन येथे 1910 मध्ये सुरू झालेल्या सरकारी वनोपज प्रयोगशाळेने त्याला स्वतंत्र बळ दिले, आणि 1958 मध्ये ‘सोसायटी ऑफ वुड सायन्स अँड टेक्नॉलॉजी’ ही त्याची स्वतःची विद्वत्संस्था उभी राहिली. काष्ठविज्ञानाच्या पहिल्या व्यावसायिक पदवीची अधिस्वीकृती करण्याचे काम पुढे याच संस्थेने अंगावर घेतले, आणि आज या विषयातील अधिस्वीकृती म्हटली की प्रथम तिचेच नाव घेतले जाते.

वनशास्त्राची व अभियांत्रिकीची मंडळे आधीच कार्यरत असताना या तिसऱ्या परीक्षकाची गरज का भासावी, याचे उत्तर लाकडाच्या स्वभावातच आहे. वनशास्त्रज्ञाची नजर वाढत्या झाडावर असते. झाड पडले, ओंडका वखारीत आला, की त्याचे काम बव्हंशी संपते. अभियंता पोलादाचा विचार करण्यास सरावलेला असतो, आणि पोलाद सर्व दिशांना सारखे वागते. लाकडाचे तसे नाही. ओले लाकूड वाळू लागले की आधी पेशींच्या पोकळीतले पाणी जाते व लाकूड आकाराने तसेच राहते. आर्द्रता सुमारे 30 टक्क्यांच्या खाली उतरली, म्हणजे पेशीभित्तींतले पाणी निघू लागले, की मग ते आकसते, आणि तेही तिन्ही दिशांना निरनिराळ्या प्रमाणात: वलयांच्या स्पर्शरेषेत सर्वांत अधिक, गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेत त्याच्या सुमारे निम्मे, आणि लांबीत जवळजवळ नाहीच. पावसाळ्यात फुगून अडकणारा दरवाजा, उन्हाळ्यात तडकणारी फळी आणि कडेने वाकलेला तक्ता यांचे मूळ या एका गोष्टीत आहे. ज्याला हे हाताने मोजून दाखविता येत नाही त्याला काष्ठविज्ञानाचा पदवीधर म्हणणे सयुक्तिक नाही; आणि विद्यार्थ्याला ते मोजता येते की नाही हे कागदावरून ठरविणे, ज्याने स्वतः कधी मोजले नाही अशा परीक्षकाला शक्य नाही.

अधिस्वीकृतीची पद्धत स्थूलमानाने सर्वत्र सारखीच आहे. अर्ज ऐच्छिक असतो. विभाग प्रथम स्वतःचे मूल्यमापन करून सविस्तर अहवाल सादर करतो. त्यात अभ्यासक्रमाची उद्दिष्टे, प्रत्येक विषयाचा आराखडा, अध्यापकांची पात्रता, प्रयोगशाळा, विद्यार्थिसंख्या व पदवीधरांची पुढील वाटचाल यांची माहिती येते. नंतर दुसऱ्या विद्यापीठांतील अध्यापक व उद्योगातील अनुभवी व्यक्ती यांचे पथक प्रत्यक्ष येऊन अध्यापक व विद्यार्थी या दोघांशीही बोलते, वर्ग व कार्यशाळा पाहते आणि आपली शिफारस समितीपुढे ठेवते. समिती मंजुरी देते, अटी घालते, निर्णय लांबणीवर टाकते किंवा नकार देते. मुदत संपली की फेरतपासणी होते. काष्ठरचनाशास्त्र, काष्ठभौतिकी, काष्ठरसायन, लाकडाचे यांत्रिक वर्तन व प्रक्रिया हा या अभ्यासक्रमाचा गाभा, आणि गणित, संख्याशास्त्र, व्यवस्थापन व लेखन ही त्याची आधारभूत अंगे मानली जातात.

या साऱ्या सोपस्कारांत खरी परीक्षा प्रयोगशाळेच्या टेबलापाशी होते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. सागाचा एक लहान ठोकळा पाण्यात उकळून मऊ करावा, छेदनयंत्राच्या पात्याखाली धरून त्याची सुमारे 20 मायक्रॉन जाडीची चकती काढावी आणि ती काचपट्टीवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली न्यावी, म्हणजे वर्षाच्या आरंभी तयार झालेल्या मोठ्या वाहिन्यांची ओळ व तिच्यापुढे बारीक होत गेलेल्या वाहिन्या स्पष्ट दिसतात. पाते बोथट असेल तर चकती फाटते, ठोकळा तिरपा धरला असेल तर किरण तुटक दिसतात. आडवा, अरीय व स्पर्शीय असे तीन छेद विद्यार्थ्याने न फाटता काढले, की त्याच्या शिक्षकाविषयी अहवालाच्या शंभर पानांपेक्षा अधिक काही कळते. त्याच टेबलावर ओल्या लाकडाचा तुकडा तोलून, 103 अंश सेल्सिअसच्या भट्टीत वजन स्थिर होईपर्यंत वाळवून, पुन्हा तोलून आर्द्रता काढण्याचा प्रयोगही असतो. तो अत्यंत साधा आहे, आणि म्हणूनच तो नीट शिकविला जातो की नाही हे आवर्जून पाहावे.

या विद्येचे सार्वजनिक मोल किती, याचे एक उदाहरण न्यायालयाच्या इतिहासात नमूद आहे. वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांच्या तान्ह्या मुलाचे 1932 मध्ये अपहरण झाले, तेव्हा गुन्हेगार मागे टाकून गेलेली ओबडधोबड शिडी मॅडिसनच्या प्रयोगशाळेतील आर्थर केलर यांच्याकडे तपासणीसाठी आली. फळ्यांवर रंधायंत्राच्या पात्यांनी उमटविलेल्या बारीक खुणांवरून त्यांनी दक्षिण कॅरोलायनातील गिरणी व तेथून न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील वखार शोधून काढली. आणि आरोपी सापडल्यावर शिडीची एक बाजूची पट्टी त्याच्या घराच्या माळ्यावरील तक्त्याचाच भाग असल्याचे, वार्षिक वलये व खिळ्यांची भोके जुळवून, 1935 मधील खटल्यात दाखवून दिले. आज हीच विद्या चोरट्या व्यापाराविरुद्ध उपयोगी पडते. शिसवीची सारी प्रजाती 2017 च्या जानेवारीपासून आंतरराष्ट्रीय व्यापार-नियंत्रणाच्या यादीत आल्यापासून, बंदरावर उतरलेली फळी कोणत्या झाडाची हे सांगू शकणारी माणसे जकात खात्याला हवी आहेत. आणि ती माणसे अशाच लहान विभागांतून घडतात.

परंतु हे विभाग अस्तंगत होऊ लागले आहेत, किंवा नावे बदलून तग धरीत आहेत. व्हर्जिनिया टेकचा विभाग ‘शाश्वत जैवद्रव्यांचा’ झाला, मिसिसिपी स्टेटचा ‘शाश्वत जैवउत्पादनांचा’, आणि ऑरेगन स्टेटची पदवी ‘नवीकरणीय द्रव्यांची’. नव्या नावांमुळे तरुण विद्यार्थी येतात, हा लाभ खराच. तथापि बांबू, ताग, शेतीतील काड व जैवइंधन यांना जागा देताना काष्ठरचनेचे तास किती उरले, हा प्रश्न अधिस्वीकृती देणाऱ्यांना विचारावाच लागतो. नाव कोणतेही असो, गाभा शाबूत असावा, ही भूमिका योग्य होय. गाभ्याच्या व्याख्येत ढिलाई झाली तर मान्यतेचा शिक्का राहील, विद्या राहणार नाही.

युरोपात अशी स्वतंत्र काष्ठविज्ञान-परीक्षक संस्था प्रबळ झाली नाही. स्लोव्हाकियात झ्वोलेन येथे 1952 पासून लाकूडतंत्राची विद्याशाखा आहे, जर्मनीत रोझेनहाइम येथे 1925 पासून लाकूडतंत्राचे शिक्षण चालते. परंतु 1999 च्या बोलोन्या करारानंतर गुणवत्तेची तपासणी राष्ट्रीय चौकटीत बसविली गेली, आणि जर्मनीत तर 2018 पासून अभ्यासक्रमांच्या अधिस्वीकृतीचा अंतिम निर्णय एक मध्यवर्ती परिषदच देते. तज्ज्ञ पथकात लाकडाचा जाणकार असतो, पण नियमावली सर्व विषयांना समान असते.

भारतात 1994 मध्ये दोन यंत्रणा निर्माण झाल्या: संस्थांसाठी ‘नॅक’ आणि तांत्रिक अभ्यासक्रमांसाठी राष्ट्रीय अधिस्वीकृती मंडळ. वनशिक्षण देणाऱ्या विद्यापीठांची अधिस्वीकृती डेहराडूनची भारतीय वानिकी संशोधन व शिक्षण परिषद करते. काष्ठविज्ञान या तिन्हींच्या सीमेवर उभे आहे. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेला 1991 मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला असून तेथे काष्ठविज्ञान व तंत्रज्ञानाची पदव्युत्तर पदवी दिली जाते. बंगळूरच्या काष्ठविज्ञान व तंत्रज्ञान संस्थेत संशोधन चालते. महाराष्ट्रात दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे वनशास्त्र महाविद्यालय वनोपजांचा विषय शिकविते. जी पदवी लाकडाचीच म्हणून दिली जाते, तिची तपासणी लाकडाच्याच कसोटीवर करणारी स्वतंत्र व्यवस्था आपल्याकडे असावी, इतकी परंपरा खचित आपल्यापाशी आहे. डेहराडूनच्या इमारती लाकूड चाचणी विभागात व्ही. डी. लिमये प्रभृतींनी देशी लाकडांच्या सामर्थ्याचे तक्ते वर्षानुवर्षे सिद्ध केले. सागाला शंभर मानून इतर लाकडांची उपयुक्तता आकड्यांत मांडण्याची भारतीय पद्धत त्याच परंपरेतली आहे. वाकविण्याच्या चाचणीसाठी भारतीय मानकात सांगितलेला 5 सेंटिमीटर चौरस व 75 सेंटिमीटर लांब निर्दोष नमुना, गाठ किंवा तिरपा धागा न येऊ देता ऐन वा किंजळीच्या ओंडक्यातून कापून यंत्रावर चढविणे आणि तो कडाडून मोडेपर्यंत भार व वाकण यांची नोंद ठेवणे, ही त्या तक्त्यांमागची मेहनत होती.