मूळ नक्षत्र आणि आकाशगंगेचं मूळ

होमडेल आमच्या घरापासून गाडीने वीस मिनिटांवर. बेल लॅब्जची जुनी, आरशासारख्या काचांची अवाढव्य इमारत तिथे आहे. आता तिला बेल वर्क्स म्हणतात. भारतातून पाहुणे आले की मी त्यांना तिकडे नेतो. त्यांना वाटतं, कॉफी प्यायला चाललोय. मी मात्र आवारातल्या एका विचित्र आकाराच्या स्मारकासमोर त्यांना उभं करतो आणि सांगतो, "आकाशगंगेचं केंद्र माणसाला पहिल्यांदा 'ऐकू' आलं ते इथे!" बहुतेक जण मान डोलावतात आणि कॉफीकडे वळतात.

माझी थोरली आत्या वळली नसती. पण तिचा अमेरिकेला यायचा योग कधी आला नाही.

आत्याचा जन्म मूळ नक्षत्रावरचा. "मूळ नक्षत्राची मुलगी सासऱ्याला वाईट" ही समजूत आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. साताऱ्यात साठीच्या दशकात ती नुसती ऐकायची गोष्ट नव्हती. तीन स्थळं पत्रिका बघून परत गेली. चौथं आलंच नाही. आत्या शाळेत शिकवू लागली आणि उन्हाळ्यात आम्हा भाचरांना गच्चीवर नेऊन तारे दाखवू लागली. "ती वृश्चिकाची नांगी दिसते ना? ते माझं नक्षत्र," असं ती सांगायची. आवाजात कडवटपणा नसायचा, पण आजी खाली निघून जायची.

गंमत म्हणजे आत्याच्या त्या नक्षत्रापासून थोडंसं पूर्वेला, धनू राशीत, आपल्या आकाशगंगेचं केंद्र आहे. हे कळलं कसं, याची ही हकिगत.

आपला सूर्य आकाशगंगेच्या मध्यभागी असावा, असा खगोलशास्त्रज्ञांचा बराच काळ समज होता. १९१८ साली हार्लो शॅप्ली यांनी ताऱ्यांच्या गोलाकार गुच्छांची अंतरं मोजली. ते गुच्छ आपल्याभोवती सारखे पसरलेले नव्हते, बरेचसे धनू राशीच्या बाजूला होते. म्हणजे मध्य तिकडे, आणि आपण कुठेतरी कडेच्या आळीत! पण मध्य दिसेना. वाटेत धूळच इतकी, की तिकडून निघालेल्या दृश्य प्रकाशाच्या एक लाख कोटी कणांपैकी जेमतेम एखादा आपल्यापर्यंत पोचतो.

मग होमडेलचा तो प्रसंग घडला. कार्ल जान्स्की हा बेल लॅब्जमधला तरुण इंजिनिअर. अटलांटिकपारच्या रेडिओ-टेलिफोनमध्ये खरखर कुठून येते, ते शोधायचं काम त्याच्याकडे होतं. त्याने सुमारे शंभर फूट लांबीची अँटेना उभारली आणि ती फोर्डच्या मॉडेल टी गाडीच्या चाकांवर गोल फिरती ठेवली. विजांची खरखर सापडली, पण मागे एक बारीक, सतत 'हिस्स' आवाज उरला. आधी त्याला वाटलं, सूर्य असेल. पण तो आवाज रोज चार मिनिटं लवकर यायचा, अगदी ताऱ्यांसारखा. दिशा निघाली धनू राशीची! ५ मे १९३३ च्या न्यूयॉर्क टाइम्सने पहिल्या पानावर बातमी दिली. पुढे जान्स्कीला दुसऱ्या कामाला लावलं गेलं आणि १९५० साली अवघ्या चव्वेचाळिसाव्या वर्षी तो गेला. आता रेडिओ लहरींची तीव्रता मोजायच्या एककाला त्याचं नाव आहे.

जान्स्कीने आवाज ऐकला, पण चित्र कुठे होतं? इलिनॉयच्या व्हीटन गावात ग्रोट रेबर या पठ्ठ्याने १९३७ साली घराच्या परसात एकहाती रेडिओ दुर्बीण बांधली आणि १९४४ साली रेडिओ-आकाशाचा नकाशा छापला. सर्वांत ठळक भाग अर्थातच धनू राशीतला. १९७४ साली बॅलिक आणि ब्राऊन यांना वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्रीन बँक इथून त्या ठळक भागात एक अगदी लहानसा, तेजस्वी ठिपका सापडला. त्याचं नाव सॅजिटेरियस ए-स्टार. आपल्या नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटीनेही, म्हणजे पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांनी, तो ६०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींवर टिपला. ते निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. हे वाचलं तेव्हा मला उगाचच माहेरचा माणूस भेटल्यासारखं वाटलं.

ठिपका म्हणजे नक्की काय, याचं उत्तर अवरक्त किरणांनी दिलं. ते धुळीतून बरेचसे पार होतात. हवाईतून आंद्रेया गेझ आणि चिलीतून राइनहार्ड गेंझेल यांच्या गटांनी वर्षानुवर्षं तिथल्या ताऱ्यांवर नजर ठेवली. त्यातला एस-२ नावाचा तारा सोळा वर्षांत फेरी पूर्ण करतो. २००२ साली तो केंद्राच्या अगदी जवळून गेला, पुन्हा २०१८ साली. तो ज्याच्याभोवती फिरतो ते काही दिसत नाही, पण त्याचं वजन भरतं चाळीस लाख सूर्यांएवढं. या कामासाठी दोघांना २०२० चं नोबेल मिळालं, रॉजर पेनरोज यांच्यासोबत.

आता चित्र! हवाईपासून दक्षिण ध्रुवापर्यंतच्या आठ रेडिओ दुर्बिणींनी एप्रिल २०१७ मध्ये एकाच वेळी तिकडे रोख धरला. माहिती इतकी प्रचंड, की ती इंटरनेटवरून न पाठवता हार्ड डिस्क विमानाने पाठवल्या. दक्षिण ध्रुवावरच्या डिस्कना तर तिथला हिवाळा सरेपर्यंत वाट पाहावी लागली. त्यात कृष्णविवराभोवतीचा वायू मिनिटामिनिटाला रूप पालटतो, त्यामुळे हजारो संभाव्य चित्रांची सरासरी काढावी लागली. १२ मे २०२२ ला ते प्रसिद्ध झालं: मध्ये काळोख, भोवती नारिंगी कडं. नारिंगी रंग आपण दिलेला, कडं मात्र खरं. आकाशात ते किती लहान? चंद्रावर मेदूवडा ठेवून इथून बघा, तेवढं!

त्याच आठवड्यात व्हॉट्सअॅपवर फिरू लागलं, की आपल्या पूर्वजांना केंद्र ठाऊक होतं, म्हणून तर नक्षत्राचं नाव 'मूळ'! मला हे पटत नाही. नाव जुळलं, एवढंच. केंद्र ठाऊक असल्याचा पुरावा त्यात नाही. आणि ठाऊक असतं, तर त्याच नक्षत्रावरून मुली नाकारल्या असत्या का?

न्यू जर्सीतून जुलैच्या रात्री दक्षिणेला पाहिलंत, तर ती जागा क्षितिजापासून जेमतेम वीस अंशांवर दिसते. साताऱ्याच्या गच्चीवरून ती दुप्पट उंच असते.

चित्र आलं त्या दिवशी मी आत्याला फोन केला. भाचीने तिला मोबाइलवर ते दाखवलं होतं. वय ब्याऐंशी, पण प्रश्न शिक्षिकेचे. "किती लांब म्हणालास?"

"सव्वीस-सत्तावीस हजार प्रकाशवर्षं."

थोडा वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे हा उजेड निघाला तेव्हा सातारा नव्हता, पत्रिका नव्हती. त्याला माझे सासरे कसे रे ठाऊक असणार?"