बर्फाआधीचा गारवा



मागच्या उन्हाळ्यात मी मुलांसाठी पन्हे गोठवून स्लश केला. सासूबाई रिकामा पेला घेऊन बाजूला बसल्या. बावीस अभक्ष्यांत हिम आणि गारा येतात, हे मी विसरले होते.

खरे तर घरोघरी बर्फ अलीकडचाच. १८३३ साली बोस्टनहून जहाजाने निघालेला बर्फ चार महिन्यांनी कोलकात्याला पोहोचला, तोही वाटेत बराच वितळून. त्याआधी अकबराकडे सोऱ्याने पाणी गार करत, असे ‘आईन-ए-अकबरी’त आहे. सामान्य घरांत मात्र मडकेच होते. पाणी झिरपते, वाऱ्याने उडते आणि गारवा देते.

यंदा गाळलेल्या पाण्याचे पन्हे मडक्यात भरले, बाहेरून ओले फडके गुंडाळले आणि ते खिडकीत ठेवले. सूर्यास्तापूर्वी सगळे एकत्र प्यायलो. पहिला पेला सासूबाईंचा.