काळ्या पाषाणाखालची भूमी

सह्याद्रीच्या एखाद्या घाटातून जाताना डोंगराच्या कापलेल्या अंगावर एकावर एक रचलेले आडवे थर तुम्ही पाहिले असतील. काळा पाषाण, वर ठिसूळ मांजऱ्या खडक, मध्येच तांबड्या मातीचा पट्टा आणि पुन्हा पाषाण. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्याचे हे थर आज जवळजवळ पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेशावर पसरलेले आहेत. या पाषाणात आपण लेणी कोरली, विहिरी खोदल्या, त्याचेच किल्ले बांधले. पण लाव्हा ज्या भूमीवर पसरला, तिलाही डोंगर होते, दऱ्या होत्या, गाळाने भरलेली खोरी होती. त्या झाकल्या गेलेल्या भूमीचा वेध भूकंपलहरींनी कसा घेतात, हा या पुस्तकाचा विषय.

हा विषय आपल्या दारातला आहे. ११ डिसेंबर १९६७ ची कोयनेची पहाट आणि ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट महाराष्ट्र विसरलेला नाही. दोन्ही भूकंपांचा उगम लाव्ह्याच्या थरांत नव्हता, त्याखालच्या पुरातन खडकांत होता. पुढे किल्लारीत विंधन विवर घेतले, तेव्हा ३३८ मीटर बेसाल्टखाली, म्हणजे याच काळ्या पाषाणाखाली, जेमतेम ८ मीटर गाळाचा खडक आणि मग पट्टिताश्माचा पाया लागला. कोयना परिसरातील तीन किलोमीटर खोल विवरात बेसाल्टच १,२४७ मीटर निघाला आणि त्याखाली थेट ग्रॅनाइटी पाया. सौराष्ट्रात आणि नर्मदा-तापीच्या पट्ट्यात मात्र बेसाल्टखाली मध्यजीव काळातील गाळाचे जाड थर आहेत. तेल आणि वायूच्या शोधकांची नजर त्यांच्यावर आहे. विवर एका ठिकाणचे सांगते. दोन विवरांमधल्या शेकडो किलोमीटरांसाठी लहरींचाच आधार.

हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने १९७० च्या दशकात गुहागर–चोरोची आणि केळशी–लोणी या रेषांवर असा वेध घेतला. जमिनीत स्फोट करायचे आणि दूरवर मांडलेल्या जिओफोनवर लहरी किती वेळाने पोहोचतात ते टिपायचे, ही त्यामागची पद्धत. ऐकायला सोपी वाटते. अडचण बेसाल्ट निर्माण करतो.

लहर खोल जाताना खालचा थर अधिक वेगवान असेल, तर ती त्या थराच्या माथ्यावरून धावते आणि वर परत येते. त्यावरून खोली काढता येते. बेसाल्टमध्ये लहरींचा वेग सेकंदाला सुमारे ५ किलोमीटर, तर त्याखालच्या गाळाच्या खडकात बहुधा ३ ते ४. म्हणजे वर वेगवान, खाली मंद. अशा ठिकाणी लहर आणखी खाली वळते आणि त्या मंद थराच्या माथ्यावरून धावून परत येणारी लहर मिळतच नाही. मग तो ओळखायचा कसा? बेसाल्टमधून येणाऱ्या लहरी ठरावीक अंतरानंतर विरून जातात, आणि पुढे पायाच्या खडकातून येणाऱ्या लहरी अपेक्षेपेक्षा उशिरा पोहोचतात. हा उशीर हीच मंद थराची खूण. मला स्वतःला या शास्त्रातले हे सर्वांत सुंदर अनुमान वाटते.

वाचकांनी एवढे मात्र ध्यानात ठेवावे की उशीर एकच असला तरी त्याची उत्तरे अनेक असू शकतात. पातळ पण फार मंद थर आणि जाड पण थोडाच मंद थर सारखाच उशीर घडवू शकतात. म्हणून परावर्तित लहरी, गुरुत्वमापन आणि जमिनीची विद्युतवाहकता यांची साक्ष सोबत घ्यावी लागते. शिवाय घाटात दिसणारे ते थरच लहरींना जागोजागी विखुरतात; उच्च वारंवारतेच्या लहरी वरच संपतात आणि खाली पोहोचतात त्या लांब लहरी. २० हर्ट्झची लहर ४ किलोमीटर वेगाच्या खडकात २०० मीटर लांब असते. तिच्या चौथ्या हिश्श्याहून, म्हणजे ५० मीटरांहून, पातळ थराचा माथा आणि तळ तिला वेगळे दाखवता येत नाहीत. किल्लारीचा तो ८ मीटरचा थर तिच्या हाती लागणे कठीणच.

गणिताची धास्ती असेल, तर समीकरणे पहिल्या वाचनात खुशाल ओलांडा. आधी वेळ आणि अंतराचे आलेख घ्या, त्यांवर पट्टी ठेवा आणि सरळ चाललेली रेघ कुठे तुटते व किती वर सरकून पुन्हा सुरू होते, ते स्वतः मोजून पाहा.