वी
वी : क्योतो येथील निन्टेन्डो कंपनीने नोव्हेंबर २००६ मध्ये विक्रीस आणलेले घरगुती व्हिडिओ गेम यंत्र. १८८९ मध्ये ‘हानाफुदा’ पत्ते बनविण्यापासून आरंभ झालेल्या या पेढीने, सोनी व मायक्रोसॉफ्ट हे प्रतिस्पर्धी चित्राच्या सूक्ष्मतेमागे लागले असता, गणनशक्तीचा हव्यास सोडून, बटणांच्या जंजाळाला बिचकणाऱ्या आजोबांनाही टेनिसच्या रॅकेटीप्रमाणे नुसता हात फिरवून नातवाशी सामना खेळता यावा, असा रिमोट दिला. तो खेळाच्या भरात निसटून टीव्हीवर आदळू नये म्हणून लावलेली मनगटी दोरीही पुढे अधिक मजबूत करावी लागली! अमेरिकेत आरंभीची किंमत सुमारे २५० डॉलर होती, सोनीच्या प्लेस्टेशन ३ ची किमान ५००. दहा कोटींहून अधिक यंत्रे खपली; प्लेस्टेशन ३ पावणेनऊ कोटींच्या आसपास राहिले. मात्र हे हौशी गिऱ्हाईक चंचल ठरले : २०१२ च्या ‘वी यू’ या पुढच्या यंत्राचा एकूण खप दीड कोटीही भरला नाही.