आतल्या खोलीत कोण आहे?

पानशेतचा पूर डोळ्यांनी पाहिलेली माणसं पुण्यात आता थोडीच उरली आहेत. १२ जुलै १९६१, बुधवार. सकाळी पानशेतचं धरण फुटलं आणि त्याच्या लोंढ्याने दुपारी खडकवासल्याचंही गेलं. आदल्या रात्रभर जवानांनी पानशेतच्या धरणावर वाळूची पोती रचली होती. धरणाने तग धरला म्हणून पाणी शहरात शिरलं ते दिवसाउजेडी. त्या जवानांचं ऋण पुण्याने कधी विसरू नये.

माझ्या आजीच्या सांगण्यात मात्र धरणाला फारशी जागा नसे. तिची गोष्ट नारायण पेठेतल्या वाड्यात सुरू व्हायची आणि वाड्यातच घोटाळायची. चौकात सगळ्यांना मिळून एक नळ. त्यावरून रोज भांडणं. पण त्याच नळावर कळायचं, की मागच्या बिऱ्हाडातल्या सासूबाईंना ऐकू येत नाही, जिन्याखालच्या खोलीतली सून बाळंतपणाला आली आहे, अमक्याचा धाकटा सकाळच्या शाळेत आहे आणि थोरला छापखान्यात. कोणी मुद्दाम विचारत नसे. हंडा भरेपर्यंत कानावर पडत राही.

‘पाणी आलं, पळा’ अशी हाक आली ती नदीकडून धावत येणाऱ्या पोरांची. आजी म्हणायची, “पळा म्हणणं सोपं असतं गं. पळू न शकणारं माणूस कुठल्या खोलीत आहे, ते माहीत असावं लागतं.” वाड्याला ते माहीत होतं. दोघं तडक माजघरात गेले आणि बहिऱ्या सासूबाईंना पाठीवर घेऊन आले. एकीने बाळंतिणीचं मूल घेतलं, दुसरीने तिला धरलं. नळावर आजीशी महिनाभर अबोला धरलेल्या काकूच आमच्या वडिलांना शाळेच्या वाटेवर गाठून वरच्या पेठेत घेऊन गेल्या. लाकडी पूल पाण्याखाली गेला होता. पलीकडे कामावर गेलेल्यांची खबर रात्रीपर्यंत नव्हती. कोण कुठे अडकलं असेल याचा अंदाज बायकांनी पायरीवर बसून बांधला, आणि तो बराचसा खरा निघाला.

पाणी ओसरलं आणि वेगळी भीती आली. दारं मोडलेली, ट्रंका उघड्यावर, वीज नाही. पेठेतली पोरं आळीपाळीने जागली. त्यांच्याकडे काठ्या होत्या, पण आजीच्या मते खरा उपयोग ओळखीचा झाला. अंधारात आवाज आला की ‘कोण रे’ विचारायचं. उत्तर देणाऱ्याला कुणाच्या घरचा, हे सांगता आलं पाहिजे. खडकवासलं गेल्यामुळे नळ कोरडे पडले, तेव्हा वाड्यावाड्यातल्या जुन्या विहिरी उपसल्या गेल्या. कुठली गोड, कुठली मचूळ, हे म्हाताऱ्यांनाच ठाऊक होतं.

मग शहर पांगलं. गोखलेनगरला निसन हट उभ्या राहिल्या, सहकारनगरकडे पूरग्रस्तांच्या वसाहती झाल्या. आमचं बिऱ्हाड सहकारनगरला आलं. पहिल्याच संध्याकाळी आजी हळदीकुंकवाची कोयरी घेऊन शेजारच्या दारांवर गेली. लोकांना ते बायकी सोपस्कार वाटतात. मला त्यात तिची शिस्त दिसते. घरी आली की ती आईला सगळं सांगे: कोपऱ्यावरच्यांकडे दम्याचं माणूस आहे, वरच्या मजल्यावरची मुलं दुपारी एकटी असतात.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला. आमच्यापासून जवळच, अरण्येश्वरला, टांगेवाले कॉलनीत भिंत कोसळली आणि माणसं गेली. आमच्या इमारतीत पार्किंग भरलं. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पाण्याचे फोटो येत होते; तळमजल्यावरच्या नव्या भाडेकरूंचा नंबर मात्र कोणाकडेच नव्हता. पाणी चढू लागलं तेव्हा घरकामाच्या मावशींना फोन लावला. त्या म्हणाल्या, “ताई, पोरगा-सून गावाला गेलीत, म्हातारी एकटीच आहे. तिला उठता येत नाही. मागचं दार ढकला, कडी ढिली आहे.”

चौघांनी दार ढकलून त्या वृद्ध बाईंना खुर्चीसकट वर आणलं. दोन दिवस त्या आमच्याकडे राहिल्या. मूळच्या वाईच्या निघाल्या. कृष्णेच्या पुरात घाटावरच्या कुठल्या पायरीला पाणी लागलं की सामान हलवायचं, ते त्यांनी आमच्या मुलांना सांगितलं. आता सोसायटीच्या बैठकीत मी कॅमेऱ्यांच्या खर्चाला विरोध करत नाही. पण गणपतीत प्रत्येक घरातून एकाने तरी खाली जेवायला यावं, तळमजल्यापासून गच्चीवरच्या खोलीतल्या वॉचमनच्या कुटुंबापर्यंत, हा हट्ट मी सोडलेला नाही.