मेणवलीची घंटा

आमच्या छत्रपती संभाजीनगरातून दौलताबाद-खुलताबादच्या वाटेने निघाले की तारेच्या कुंपणाआड बागा आणि फार्महाऊसे दिसू लागतात. एखाद्या फाटकाकडे बोट दाखवून, ‘ही अमक्या पुढाऱ्याची जागा’, असे सहप्रवासी सांगतो. सत्तेच्या धकाधकीतून चार दिवस निवांत काढता यावेत म्हणून खेड्यात जमीन मिळवण्याची राजकारणी पुरुषांची हौस आजकालची नाही. वाटेवरच्या देवगिरी किल्ल्याच्या इतिहासाशी ज्याचे नाव जोडले गेले, त्या नाना फडणीसाच्या विसाव्याच्या जागेची ही हकीकत आहे. तिच्यातील दोन धागे आपल्या समाजाशी येऊन मिळतात, म्हणून ती वाचकांपुढे ठेवीत आहोत.

नानाचा जन्म १७४२ चा. १७६१ साली पानिपतावरून तो जिवानिशी परतला, पण बरोबर असलेली आई गमावून. पुढे पेशव्यांच्या दरबारी त्याचे वजन वाढत गेले. १७६८ मध्ये औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी आणि साताऱ्याचे रघुनाथ घनश्याम मंत्री यांच्याकडून वाईजवळचे मेणवली गाव त्याला मिळाले. जमीन विकत घ्यावी लागली नाही. अधिकाराच्या खुर्चीकडे जमीन अशी आपण होऊन चालत येते, हेही जुनेच आहे. तेथे कृष्णेच्या काठी त्याने सहा चौकांचा वाडा उभारला, भिंती चित्रांनी सजवल्या, चंद्रकोरीच्या आकाराचा घाट बांधला. घाटावर मेणेश्वराचे आणि विष्णूचे देऊळ आहे.

त्या घाटावरच एक घंटा टांगलेली आहे. तिच्यावर १७०७ हे साल आणि बाळ येशूला घेतलेल्या पवित्र मरियेची आकृती आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तेव्हा तेथील घंटा विजयचिन्हे म्हणून देशावर गेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात एक आहे, भीमाशंकरला एक आहे आणि ही मेणवलीला आली. आपल्यापैकी कोणी तिथे गेले की मन क्षणभर खट्टू होते. आपल्या माउलीची घंटा परक्या अंगणात, असे वाटून जाते. परंतु ही हकीकत येथे संपत नाही.

मार्च १७९५ मध्ये खर्ड्याच्या लढाईत निजामाचा पराभव झाला. त्यानंतरच्या तहाने आमचा दौलताबादचा किल्ला मराठ्यांकडे आला. नाना तेव्हा वैभवाच्या शिखरावर होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात सवाई माधवराव गेले आणि वारशाचा तंटा पेटला. १७९६ मध्ये नानाला पुणे सोडून साताऱ्याला, तेथून वाईला यावे लागले. मेणवली तर हाकेच्या अंतरावर. पण शत्रूची फौज येते आहे असे कळताच तेथेही राहता येईना. घाट उतरून त्याने महाड गाठले आणि निजामाचे साहाय्य मिळवण्यासाठी खर्ड्याला मिळवलेला मुलूख परत देण्याचे कबूल केले. विसाव्यासाठी बांधलेला वाडा नेमका गरजेच्या वेळी विसावा देऊ शकला नाही.

याहून मोठा आघात पुढेच होता. ३१ डिसेंबर १७९७ रोजी दौलतराव शिंद्यांच्या छावणीत नाना भेटीला गेला. सुरक्षिततेचे वचन शिंद्यांचा सेनाधिकारी मायकेल फिलोज याने दिले होते. हा फिलोज इटलीतल्या नेपल्सचा, जन्माने ख्रिस्ती. त्याच्या शब्दावर विसंबून गेलेला म्हातारा मुत्सद्दी कैद झाला आणि अहमदनगरच्या किल्ल्यात डांबला गेला. पुण्याला जाताना आमच्या वाटेवरच ते शहर लागते, आता त्याचे नाव अहिल्यानगर. १७९८ मध्ये नानाची सुटका झाली, पण १३ मार्च १८०० रोजी तो पुण्यात मरण पावला. मागे राहिलेली बालविधवा जिऊबाई हिने हालअपेष्टांनंतर उत्तरायुष्य मेणवलीत काढले.

म्हणून मेणवलीच्या घंटेपाशी उभे राहताना आम्हांला केवळ वसईची आठवण पुरेशी वाटत नाही. युद्धात आपली घंटा गेली, हे खरे. त्या घंटेच्या घाटाच्या धन्याला आपल्याच धर्माच्या माणसाच्या शब्दाने दगा दिला, हेही तितकेच खरे. पहिली गोष्ट आपण मुलांना सांगतो; दुसरी सांगत नाही. इतिहास घरी सांगायचा, तर दोन्ही पाने उघडावीत.

आणि जमिनीचे काय? कोठारे वाढवणाऱ्या धनवानाचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. वाड्यात धन्याला शेवटी निवारा मिळाला नाही. घाटावर मात्र गावातल्या बाया आजही धुणे धुतात, पोरे पाण्यात उड्या मारतात. नानाने स्वतःसाठी बांधले त्यापेक्षा सर्वांसाठी बांधले तेच अधिक उपयोगी पडले. कुंपण घालणाऱ्या प्रत्येकाने, आणि बाहेरून कुंपणाकडे हेव्याने पाहणाऱ्या आपणही, एवढे ध्यानात ठेवावे.