फोटोसोबतचं पत्र कुठे गेलं?

हा भाग ऐकता ऐकता तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा अंगठा दुसरीकडे रील सरकवत असणार, हे मला माहितीये. सरकवा, काही हरकत नाही. आज बोलायचंय ते त्याच अंगठ्याबद्दल.

नव्या श्रोत्यांसाठी सांगतो, मी मूळचा पोखर्णीचा. परभणीहून गंगाखेडकडे निघालात की लागतं ते, नृसिंहाचं पोखर्णी. बी.टेक. केलं, आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. गावाकडच्या पोरांशी फोनवर बोलताना एक वाक्य हमखास ऐकू येतं, "सगळे पुढं गेले गड्या, आपणच राहिलो." हे सगळे म्हणजे कोण, असं विचारलं की जी नावं येतात ती इन्स्टाग्रामवरची असतात. गंमत म्हणजे पुण्यात ऑफिसच्या कॅन्टीनमध्येही मी हेच वाक्य ऐकतो. फक्त तिथले 'सगळे' जर्मनीला नाहीतर कॅनडाला गेलेले असतात.

वाक्य हसण्यासारखं वाटतं, पण त्याच्या जोरावर माणसं मोठे निर्णय घेतात. कुणी शेत विकायला काढतं, कुणी कर्ज काढून गाडी घेतं, आणि कुणी काहीच न करता आतल्या आत खचत जातं. म्हणून आज हा विषय इतिहासाच्या अंगाने बघू. प्रश्न एकच आहे. तुलना तर माणूस कायमच करत आला, मग आत्ताच असं काय वेगळं झालं?

आधी तुलनेचं बघू. लिऑन फेस्टिंगर नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली एक सिद्धांत मांडला. आपण कसे आहोत हे मोजायला पट्टी नसली की आपण दुसऱ्याकडे बघतो, आणि तेही आपल्यासारख्याच माणसाकडे. अंबानींच्या घराकडे बघून कुणाची झोप उडत नाही. चुलत भावाने दुसरा मजला चढवला की उडते. जुन्या काळीही हेच होतं. पण तेव्हा शेजाऱ्याच्या दारातली नवी बैलजोडी दिसायची, तसा त्याच्याच दारात येऊन बसलेला सावकारही दिसायचा. दोन्ही बाजू एकाच ओट्यावर होत्या. म्हणजे हेवा वाटायचा, पण हिशोबासकट.

आता या गोष्टीत कॅमेरा आणू.

फोटोग्राफीची पहिली पद्धत पॅरिसमध्ये जाहीर झाली १८३९ साली. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी सुरू झाली १८५४ साली. भाऊ दाजी लाड यांचे भाऊ डॉ. नारायण दाजी हे तिथल्या सुरुवातीच्या भारतीय फोटोग्राफरांपैकी एक. आपला मराठवाडा मात्र तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत तिथेच राहिला. त्यामुळे आपल्या भागाचा कॅमेरा बघायचा तर हैदराबादला जावं लागतं.

तिथे भेटतात लाला दीनदयाळ. जन्म १८४४, मेरठजवळचं सरधना. शिकले रुरकीच्या इंजिनियरिंग कॉलेजात. म्हणजे इंजिनियर होऊन भलत्याच क्षेत्रात जाण्याची परंपरा आपल्या पिढीने सुरू केलेली नाही! इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात नोकरी करता करता ते कॅमेऱ्याच्या नादी लागले. १८८६ साली त्यांनी सिकंदराबादेत स्टुडिओ काढला आणि सहावे निजाम महबूब अली खान यांचे ते दरबारी फोटोग्राफर झाले. 'राजा' ही पदवी त्यांना निजामानेच दिली. १८९२ साली त्यांनी हैदराबादेत पडद्यातल्या बायकांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढला आणि तो चालवायला एक इंग्रज बाई नेमली.

दीनदयाळांच्या फोटोंत राजवाडे आहेत, हिऱ्यामोत्यांनी मढलेले उमराव आहेत, शिकारी आहेत. १९०२ साली लॉर्ड कर्झन आणि लेडी कर्झन मारलेल्या वाघाजवळ उभे आहेत, तो प्रसिद्ध फोटो याच स्टुडिओचा. आजच्या भाषेत सांगायचं तर संस्थानाचं अधिकृत अकाउंट.

पण याच स्टुडिओचे आणखी काही फोटो आहेत. १८९९-१९०० च्या मोठ्या दुष्काळातले, आपल्या औरंगाबादचे. सरकारी मदतकार्य दाखवायला काढलेले. त्यात उपाशी माणसांसाठीच्या निवाऱ्यातली माणसं ओळीने बसलीयत. बरगड्या मोजाव्यात अशी शरीरं. हे फोटोही पुढे त्याच लॉर्ड कर्झनच्या संग्रहात गेले. वाघाजवळ उभं राहणाऱ्याने कसं दिसायचं ते स्वतः ठरवलं होतं. निवाऱ्यातल्या माणसाला कुणी काही विचारलंही नसणार.

उद्या तुम्हाला कुणी फक्त पहिला अल्बम दाखवला, तर वाटेल की निजामाचं राज्य म्हणजे नुसता थाटमाट. संस्थान खरंच कसं होतं हे कळायला दोन्ही अल्बम शेजारी ठेवावे लागतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता एक फोटो असा, जो तुमच्यापैकी अनेकांनी फॉरवर्ड केला असेल. १० ऑक्टोबर १८८५, अमेरिकेतलं फिलाडेल्फिया. तीन तरुणी आपापल्या देशाच्या पोशाखात. जपानच्या केई ओकामी, सीरियाच्या साबात इस्लामबुली आणि साडीतल्या आपल्या आनंदीबाई जोशी. महिला दिन आला की हा फोटो फिरतो आणि खाली लिहिलेलं असतं, 'तीन देशांच्या तीन पहिल्या महिला डॉक्टर.' फोटो आहेच तसा. तिघींच्या चेहऱ्यावर असा ठामपणा, की आपल्याला आपलं आयुष्य एकदम फालतू वाटायला लागतं.

पण जरा तारखा बघा. फोटो निघाला तेव्हा तिघींपैकी एकही डॉक्टर झालेली नव्हती. तिघी विद्यार्थिनी होत्या. आनंदीबाईंना पदवी मिळाली ११ मार्च १८८६ ला, बाकी दोघींना त्यानंतर काही वर्षांनी. आणि आनंदीबाई तेव्हा होत्या फक्त २० वर्षांच्या. चौदाव्या वर्षी झालेलं बाळ दहा दिवसांत गेलेलं. नवऱ्याशिवाय समुद्र ओलांडलेला. फिलाडेल्फियाची थंडी, नीट न मिळणारं शाकाहारी जेवण, पुन्हा पुन्हा येणारं आजारपण. नवऱ्याच्या, म्हणजे गोपाळरावांच्या पत्रांत शिक्षणाचा आग्रह होता, तसे बोचरे शब्द आणि शंकाही होत्या. १८८६ च्या शेवटी त्या परत आल्या. कोल्हापूरच्या दवाखान्यात नेमणूक ठरलेली होती, पण २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयाने त्यांचं निधन झालं. वय २१. डॉक्टर म्हणून कामाला सुरुवातसुद्धा करता आली नाही.

हे सगळं आपल्याला कुठून कळतं? फोटोतून नाही, पत्रांतून. आनंदीबाईंनी आणि गोपाळरावांनी एकमेकांना लिहिलेली पत्रं टिकली. काशीबाई कानिटकरांनी पुढे १९१२ साली त्यांचं चरित्र लिहिलं. म्हणून आज आनंदीबाई आपल्याला आख्ख्या माहीत आहेत. आणि खरं सांगू, पत्रं वाचल्यावर त्या फोटोचा मान कमी होत नाही, वाढतो. फक्त तो फोटो आपल्याला हिणवत नाही, सोबत करतो.

माझा मुद्दा इथेच आहे. त्या काळात फोटोसोबत पत्र जायचं. लष्करात गेलेला मुलगा असो की मुंबईच्या गिरणीत लागलेला, पाकिटात फोटो असायचा आणि सोबत चार ओळी. तब्येत बरी नाही, पैसे पुढच्या महिन्यात पाठवतो, आईला सांगू नका.

मग फोटो तालुक्याच्या गावी आला. मागे रंगवलेला पडदा, त्यावर ताजमहाल नाहीतर तळं. बाजूला प्लॅस्टिकच्या फुलांची कुंडी. आरशापाशी कंगवा, पावडरचा डबा आणि खुंटीला एक कोट. ज्याला हवा त्याने तो कोट घालायचा. जत्रेत तर पुठ्ठ्याचं विमान असायचं, त्यातून मुंडकं बाहेर काढायचं. फोटो झकास यायचा. पण तो कोट स्टुडिओचा आहे हे अख्ख्या गावाला माहीत, कारण तोच कोट गावातल्या निम्म्या फोटोंत! लग्नासाठी पाठवलेल्या फोटोचंही तसंच. रिटचिंग करणारा निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून चेहरा उजळ करायचा, पण पाहुणे प्रत्यक्ष बघायला येणारच असायचे. नटणं आजच्याइतकंच होतं. फक्त पडदा हा पडदा आहे, हे बघणाऱ्याला ठाऊक होतं.

आता आपला काळ. फेसबुकवर लाइकचं बटण आलं २००९ साली. इन्स्टाग्राम आलं ऑक्टोबर २०१० मध्ये. पण गावाकडच्यांसाठी खरं वर्ष म्हणजे २०१६. त्या वर्षी दोन गोष्टी झाल्या. ५ सप्टेंबरला जिओ सुरू झालं आणि इंटरनेट खेड्यापाड्यातल्या खिशात आलं. आणि त्याच वर्षी इन्स्टाग्रामने पोस्ट वेळेच्या क्रमाने दाखवणं बंद केलं. कोणती पोस्ट आधी दाखवायची ते आता गणित ठरवायला लागलं. म्हणजे आपली पोरं दारातून आत शिरली तेव्हाच दुकानातली मांडणी बदलली होती.

हे गणित काय करतं ते एक इंजिनियर म्हणून सोप्यात सांगतो. तुम्ही कुठल्या पोस्टवर थांबाल याचा ते अंदाज बांधतं आणि ती वर आणतं. आपण थांबतो कशावर? साखरपुडा, नवी गाडी, विमानतळ. मंगळवारच्या वरणभातावर कुणी थांबत नाही, म्हणून तो खाली जातो. कुणाचाही वाईट हेतू लागत नाही, तरी असं होतं.

यात आणखी एक साधा हिशोब आहे. समजा तुम्ही ३६५ जणांना फॉलो करता. प्रत्येकाच्या वर्षात एकच सोन्याचा दिवस येतो आणि तो प्रत्येकजण टाकतो. कुणीही खोटं बोललेलं नाही. तरी तुमच्या फोनवर सरासरी रोज एक सोन्याचा दिवस दिसणार. आणि तुमचा स्वतःचा? वर्षातून एकदाच. ३६५ विरुद्ध १. असला सामना कुणीही हरेल. आपण एका माणसाशी तुलना करतोय असं आपल्याला वाटतं, पण समोर अख्खी टीम असते.

म्हणजे दीनदयाळांचा पहिला अल्बम आपल्याला रोज दिसतो, आणि यावेळी त्यात निजाम नाही, आपलाच वर्गमित्र आहे. दुसरा अल्बम कुणी टाकत नाही. तो कोट भाड्याचा आहे की हप्त्यावरचा, हेही कळत नाही, कारण प्रत्येकाचा कोट वेगळा.

यावर उपाय म्हणून लोक सांगतात, ॲप काढून टाका. जमत असेल तर उत्तमच. पण गावाकडच्या पोराला नोकरीची जाहिरात, बाजारभाव, मित्रांचे ग्रुप, सगळं त्याच फोनवर मिळतं. त्यामुळे मी जे करतो ते सांगतो.

माझा एक वर्गमित्र गावाकडे शेती करतो. कापूस, सोयाबीन. मागे एकदा त्याने माझा ऑफिसमधल्या दिवाळीचा फोटो बघून फोन केला. "तुझं बरंय बाबा. काचेची बिल्डिंग, एसी. आम्ही बसलोत हितं ढेकळं फोडत." मी म्हटलं, थांब, तुला आकडे सांगतो. भाड्याच्या फ्लॅटमध्ये आम्ही तिघं. जाऊन-येऊन रोज अडीच तास ट्रॅफिकमध्ये. शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता अजून चालू. कामाचा फोन रात्री अकरालाही येतो. तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "मग माझं बी ऐक." बोअरला किती फुटावर पाणी लागलं, बियाण्याचे किती गेले, व्यापाऱ्याने किती कापले. आणि शेवटी हळूच, की यंदा बहिणीच्या लग्नाचं सगळं कर्ज फिटलं. हे त्याने कुठेच टाकलेलं नव्हतं. त्याचा स्टेटस होता एका पांढऱ्या बैलाचा फोटो, जो बघून मला पुण्यात बसून त्याचा हेवा वाटला होता!

त्या अर्ध्या तासात आमच्यापैकी कुणाचंच आयुष्य बदललं नाही. पण बैलजोडी आणि सावकार पुन्हा एका ओट्यावर आले.

तर मंडळी, करायचं एवढंच. या आठवड्यात ज्याचा फोटो बघून पोटात गोळा आला, त्याला फोन लावा. मेसेज नको, फोन. हिशोब काढायला नको, चौकशी करा. "कसा आहेस? जमतंय का सगळं?" सुरुवातीला तो "मस्त" म्हणेल. मग तुमचं एखादं खरं आधी सांगा. पत्र असंच सुरू व्हायचं ना, आपली खुशाली आधी कळवून मग समोरच्याची विचारायची.

पुढच्या भागात भेटू. तोवर काळजी घ्या.